शून्य रुपयांचं तिकीट कुठपर्यंत जातं?

महाराष्ट्राच्या २८८ विधानसभा मतदारसंघांची यादी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि अक्कलकुव्याच्या मतदान केंद्रांत पहिलं नाव मणिबेलीचं असतं. निवडणूक आली की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास दिसतं: मतदान यंत्रांच्या पेट्या घेऊन कर्मचारी होडीतून निघालेत, भोवती सातपुड्याचे डोंगर आणि डोंगरांच्या घळींत शिरलेलं नर्मदेचं पाणी. यंत्र गावात न्यायला सरकार होडीची सोय करतं. त्याच गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मतदाराला तालुक्याच्या गावी जायचं असेल, तर त्याच्या हातात सरकारने काय दिलं आहे?

कागदावर बरंच दिलं आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात वयाची ७५ वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला एसटीचा प्रवास मोफत आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात सुरू झाली म्हणून तिचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक योजना'. साधी लाल गाडी असो, शिवशाही असो की मुंबई-पुण्याची शिवनेरी, पैसे लागत नाहीत. ६५ ते ७५ वयाच्या लोकांना आधीपासून निम्मं भाडं होतं, ते तसंच राहिलं. पुढे १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट लागू झालं. उत्पन्नाचा दाखला नको, रेशनकार्डाचा रंग बघायला नको, तहसीलदाराची सही नको. आपल्याकडच्या सरकारी योजनांच्या मानाने हा साधेपणा दुर्मीळच म्हणायचा.

आणि परदेशातल्या ज्या सवलतींची आपण तोंडभरून स्तुती करतो, त्यांच्याशी ताडून पाहिलं तरी ही योजना कमी पडत नाही. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांच्या बसपासचं मोठं कौतुक आहे. १ एप्रिल २००८ पासून तो पास देशभर चालतो, पण फक्त स्थानिक बसमध्ये. लांब पल्ल्याच्या कोचमध्ये तो चालत नाही, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनवाच्या आत बहुतेक ठिकाणी तो दाखवून उपयोग नसतो. काही हौशी पेन्शनर मंडळी एका स्थानिक बसमधून दुसरीत उड्या मारत अर्धा देश फिरून येतात, पण तो छंद झाला. आपल्याकडे ७६ वर्षांच्या आजी गडचिरोलीत बसून सावंतवाडीपर्यंत एक पैसा न देता जाऊ शकतात, आणि पहाटे पाचच्या गाडीनेही जाऊ शकतात.

मोफत म्हणजे तिकीट नाही, असं मात्र नाही. ७५ वरच्या प्रवाशालाही कंडक्टर मशीनमधून तिकीट काढून देतो, फक्त त्यावर शून्य रुपये छापलेले असतात. ते तिकीट प्रवाशापेक्षा महामंडळाला जास्त गरजेचं आहे. कुठून कुठपर्यंत, कोणत्या सवलतीत, किती माणसं गेली, याचा हिशेब त्यातूनच निघतो आणि त्या हिशेबावर एसटी राज्य सरकारकडे बुडालेल्या भाड्याची भरपाई मागते. विद्यार्थी, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, महिला, ज्येष्ठ अशा तीसच्या आसपास सवलतींचं ओझं एसटी वाहते आणि प्रत्येकीची भरपाई याच वाटेने येते. तिकीट छापलं गेलं तरच प्रवासी झाला. हे लक्षात ठेवायचं, कारण मणिबेलीचा सगळा पेच इथेच आहे.

मणिबेली नर्मदेच्या दक्षिण काठावर आहे, सरदार सरोवर धरणाच्या भिंतीच्या जवळच, भिंतीमागच्या पाण्यात. धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली: अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणी म्हणजे धडगावकडची २४. त्यात पाणी आधी आलं ते मणिबेलीत. १९९१ च्या पावसाळ्यापासून नर्मदा बचाओ आंदोलनाचा सत्याग्रह इथे झाला. १९९४ च्या सप्टेंबरात जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली, तिला नावही याच गावाचं मिळालं, 'मणिबेली जाहीरनामा'. ४४ देशांतल्या ३२६ संघटनांची त्यावर संमती होती. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. बरीच कुटुंबं गुजरातेत परवेट्यासारख्या वसाहतींत गेली, काही इथेच डोंगरात वर सरकून राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पहिल्यांदा भरलं, तेव्हा नदीकाठच्या पायवाटांचे जे तुकडे शिल्लक होते तेही तुटले.

पूर्वी नदी उतरून किंवा काठाकाठाने चालत शेजारच्या गावी जाता यायचं. आता दोन पाड्यांमध्ये पाण्याची खाडीच येऊन बसली आहे. या पट्ट्यात माणसं होडीने जातात, बार्जने जातात, नाहीतर डोंगर चढून मोलगी या बाजाराच्या गावाच्या बाजूला जीप मिळेपर्यंत चालतात. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर नेतात. पत्रकारांनी त्या झोळीला 'बांबूलन्स' म्हणायला सुरुवात केली. शब्द चटकदार असला तरी झोळीतल्या माणसाला त्यात गंमत वाटत असेल असं नाही. २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, याच काठावरच्या चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यावरच्या गरोदर बायांपर्यंत आणि लहान मुलांपर्यंत आहार पोचवत होती, म्हणून देशभर तिची बातमी झाली. तिची हिंमत थोरच. पण पगारी कामावर जायला वल्हं हातात घ्यावं लागतं, ही त्या बातमीतली दुसरी बातमी होती.

म्हाताऱ्या माणसाला गावाबाहेर जायची गरज काय, असं शहरात बसून वाटू शकतं. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन घ्यायला बँकेत जावं लागतं; २०२३ पासून ते महिन्याला १,५०० रुपये आहे. डोळ्यांचं ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी, आधारवर अंगठा जुळत नाही म्हणून पुन्हा नोंदणी, वनहक्काच्या दाव्याची तारीख, लेकीच्या घरचं लग्न. यातलं एकही काम पाड्यावर होत नाही. पाच-सातशे रुपये जाण्यायेण्यात गेले तर दीड हजाराच्या पेन्शनीत उरतं काय, हा हिशेब प्रत्येक घरात होतो. नाशिकच्या पेन्शनर काकांना एसटीचं तिकीट वाचल्याचा आनंद होतो. सातपुड्यातल्या म्हाताऱ्याने ते काम करायचं की सोडून द्यायचं, हे भाड्यावरच ठरतं. म्हणजे सवलतीची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथे सवलत असलेलं वाहन सर्वांत कमी.

एसटीचा दोष काढायचा नाही. अक्कलकुव्याला आगार आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला तरी एसटीचा विभाग धुळेच राहिला, आणि त्या विभागाच्या गाड्या सातपुड्याचे घाट रोज चढतात. 'रस्ता तिथे एसटी' हे महामंडळाचं जुनं ब्रीद त्यांनी बऱ्यापैकी पाळलं आहे. पण रस्ता महामंडळ बांधत नाही. जिथे डांबर संपतं, तिथे एसटी संपते आणि एसटी संपते तिथे सवलतही संपते. पुढचं भाडं जीपवाल्याला किंवा होडीवाल्याला द्यायचं, पूर्ण, रोख, वय कितीही असो.

वयाचंही एक प्रकरण आहे. कंडक्टर आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र बघतो आणि त्यावर जन्मतारीख ७५ वर्षं भरणारी हवी. डोंगरपट्ट्यात ज्या पिढीची आज ही सवलत घेण्याची वेळ आली आहे, त्या पिढीच्या जन्माची नोंद बहुतेकदा झालेलीच नाही. कार्ड काढताना कुणीतरी चेहरा बघून अंदाज केला आणि १ जानेवारी टाकून दिली. अंदाज पाच वर्षांनी कमी पडला, तर माणूस पाच वर्षं उशिरा म्हातारा होतो. अशा गावांतल्या एखाद्या यादीत निम्मे लोक नववर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेले दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

शिवाय ७५ हा आकडा. आदिवासींच्या आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ साली आला. त्यात देशातल्या आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं आणि इतरांचं ६७ वर्षं असं नमूद आहे. हे जन्मवेळचं आयुर्मान आहे, त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, म्हणून पन्नाशी गाठलेला प्रत्येक जण चौसष्टाव्या वर्षी जातो असा त्याचा अर्थ लावायचा नसतो. तरी इतकं नक्की की वयाची रेघ जितकी वर ओढाल, तितके गरीब समाजातले लोक तिच्याखाली राहून जातात. जगात ही रेघ निरनिराळ्या जागी आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि लंडन शहरात ६०, सेऊलमध्ये ६५, इंग्लंडच्या बाकी बहुतेक भागात आणि आयर्लंडमध्ये ६६, वॉर्सात ७०. पूर्ण माफीची आपली रेघ या सगळ्यांच्या वर आहे. ६५ ला निम्मं भाडं मिळतं हा त्यावरचा थोडा उतारा.

आता सीमेचा प्रश्न. एसटीची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुण्याहून पणजीला निघालेल्या आजोबांना हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पैसे द्यावे लागतात, आणि त्यांना ते फारसं जाचतही नाही. मणिबेलीचं तसं नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर गुजरातेतलं केवडिया इथून अक्कलकुव्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा आहे, २०२१ च्या जानेवारीपासून रेल्वे स्टेशन आहे, रुंद रस्ते आहेत. नातेवाईकही त्याच बाजूला, कारण पुनर्वसन तिकडे झालं. म्हणजे या गावाचा स्वाभाविक प्रवास ज्या दिशेला आहे, नेमक्या त्याच दिशेला महाराष्ट्राची सवलत चालत नाही. रेल्वेची चालली असती, पण २० मार्च २०२० रोजी कोविडमुळे थांबवलेली ज्येष्ठांची सवलत रेल्वेने पुन्हा सुरू केलेली नाही. त्याआधी ६० वरच्या पुरुषांना ४० आणि ५८ वरच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती. प्रत्येकच प्रवाशाला आम्ही खर्चापेक्षा स्वस्त तिकीट देतो, असं रेल्वेचं त्यावरचं उत्तर असतं. उत्तर खोटं नाही. पण सगळ्यांना सारखंच दिलं, तर कमावता माणूस आणि ऐंशी वर्षांची विधवा यांच्यात काही फरक उरला नाही.

सीमेचा असा काच जगात इतरत्रही आहे. इंग्लंडचा पास स्कॉटलंडमध्ये चालत नाही आणि स्कॉटलंडचा इंग्लंडमध्ये. पण आयर्लंडने यातून वाट काढली. तिथे १९६७ साली अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी पेन्शनरांना मोफत प्रवास जाहीर केला. बस, रेल्वे आणि काही बेटांच्या फेरीबोटीही त्यात येतात. बेट एक, पण राज्यं दोन: दक्षिणेला आयर्लंडचं प्रजासत्ताक, उत्तरेला ब्रिटनच्या ताब्यातला भाग. त्या सीमेवर किती रक्त सांडलं हे सर्वांना माहीत आहे. तरी २००७ च्या एप्रिलपासून दोन्हीकडचे ज्येष्ठ एकमेकांच्या हद्दीत मोफत प्रवास करतात. डब्लिनच्या आजी बेलफास्टला बहिणीकडे फुकट जातात. दोन देशांना जे जमलं ते महाराष्ट्र आणि गुजरातच्या दोन परिवहन महामंडळांना नंदुरबार आणि नर्मदा या दोन जिल्ह्यांपुरतं का जमू नये, असं विचारायला हरकत नाही.

परदेशात जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांचंही इथेच सांगून टाकू, कारण सीमेचा नियम त्यांनाही लागतो. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आई-वडिलांना वाटतं, इकडे म्हाताऱ्यांना सगळं फुकट असतं. सगळं नसतं. लंडनचा फ्रीडम पास तिथल्या कायमच्या रहिवाशाला, सेऊलची मेट्रो तिथल्या नोंदणीकृत ज्येष्ठांना, हाँगकाँगची ज्येष्ठांची सवलत तिथलं ओळखपत्र असणाऱ्याला. हंगेरीत ६५ वरच्यांचा प्रवास मोफत आहे, पण युरोपीय संघाच्या आणि त्याला जोडलेल्या काही देशांच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर वय कितीही भरलं तरी तिथे तिकीट काढावं लागतं. याउलट वॉर्सात वयाची ७० वर्षं पूर्ण झाल्याचं छायाचित्रासह ओळखपत्र दाखवलं की पुरे, देश कुठला ते कुणी विचारत नाही. लक्झेंबर्गने तर २९ फेब्रुवारी २०२० पासून ही भानगडच संपवली. लहान, थोर, रहिवासी, पाहुणा, सगळ्यांना बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत.

जिथे फुकट नाही तिथे सूट विकत मिळते, आणि पाहुण्यांनी तीच शोधावी. ब्रिटनमध्ये ६० वरच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड घेता येतं. वर्षाला ३५ पौंड भरायचे आणि रेल्वेच्या बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट घ्यायची. एडिंबराची एक मोठी सफर केली तरी कार्डाचे बरेचसे पैसे वसूल होतात. युरोपभर फिरायच्या युरेल पासवर ६० वरच्यांना १० टक्के सूट आहे. अमेरिकेत १९७४ पासून नियम असा की केंद्राचा पैसा घेणाऱ्या शहर-बससेवेने ६५ वरच्यांना गर्दी नसलेल्या वेळी निम्म्याहून जास्त भाडं लावायचं नाही. कार्ड कसं काढायचं हे शहरागणिक बदलतं, म्हणून आठ दिवसांसाठी गेलात तर त्या फंदात पडू नका, सहा महिने राहणार असाल तर पासपोर्ट घेऊन पहिल्याच आठवड्यात चौकशी करा. अॅमट्रॅक या रेल्वेत ६५ वरच्यांना बहुतेक गाड्यांवर १० टक्के सूट मिळते, तिकीट काढतानाच सांगावं लागतं.

पैसा कुठून येतो, हा वाद सगळीकडे आहे. त्यात सेऊलची कहाणी ऐकण्यासारखी. तिथे १९८४ पासून ६५ वरच्यांना मेट्रो मोफत. तेव्हा देश तरुण होता, म्हातारे थोडे होते. आज दक्षिण कोरियात दर पाच माणसांतला एक पासष्टी ओलांडलेला आहे आणि मेट्रो तोट्यात. मधल्या काळात मेट्रोच्या रेषा राजधानीबाहेर दूरवर गेल्या. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ओन्यांगपर्यंत २००८ च्या अखेरीस रेल्वे पोचली, आणि सेऊलचे म्हातारे सकाळी निघून, झऱ्यात डुंबून, जेवून संध्याकाळी घरी परतू लागले. तिकीट शून्य. काहींनी मोफत पासाचा धंदाही केला: मेट्रोने पार्सलं पोचवणारे ज्येष्ठ कुरिअर. प्रवासखर्च नसल्याने ते इतरांपेक्षा स्वस्त पडतात. देगू शहराने २०२३ मध्ये वेगळी तडजोड काढली. मेट्रोसाठीचं वय हळूहळू ७० पर्यंत न्यायचं आणि बदल्यात ७५ वरच्यांना बसही मोफत करायची. हाँगकाँगनेही २०२५ च्या अर्थसंकल्पात महिन्याला सवलतीच्या २४० फेऱ्यांची मर्यादा जाहीर केली. दिवसाला आठ फेऱ्या! एवढं हिंडणारे म्हातारे असतील, तर त्या शहराच्या फुटपाथांना सलाम करायला हवा.

मोफत प्रवासाचा खर्च दिसतो, मिळकत दिसत नाही, अशी या सवलतींच्या समर्थकांची तक्रार असते आणि मला ती पटते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये इंग्लंडच्या बसपासवर काम केलं. पास असलेले वृद्ध जास्त चालतात, असं त्यात दिसलं, कारण थांब्यापर्यंत जाणं आणि थांब्यावरून घरी येणं हाही व्यायामच. गुडघ्याच्या डॉक्टरकडे वाचलेला पैसा मात्र बस कंपनीच्या वहीत जमा होत नाही.

पण इंग्लंडच्याच खेड्यांत एक वेगळं दुखणं आहे, आणि ते मणिबेलीच्या फार जवळचं आहे. पासधारकांमुळे बुडालेलं भाडं स्थानिक परिषदेने कंपनीला भरून द्यायचं, कंपनीचा ना फायदा ना तोटा, असा तिथला दंडक. परिषदेकडे पैसा मोजका. पासची भरपाई कायद्याने बंधनकारक, तोट्यातली खेड्यातली बस चालवण्यासाठी अनुदान देणं मात्र ऐच्छिक. हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री कुठे लागणार हे उघड आहे. त्यामुळे २०१० नंतर अनेक खेड्यांत असं झालं की पाकिटात पास आहे आणि थांब्यावर बस नाही. अमेरिकेतही थोड्या वेगळ्या रीतीने हेच. १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ज्यांना नेहमीची बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी दारापर्यंत वाहन पाठवावं लागतं, पण बसच्या मार्गापासून पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्यांसाठीच. बस मुळात जात नसेल, तर पाऊण मैल कशापासून मोजणार?

सवलत तिकिटावर दिली तर ती जिथे वाहन आहे तिथल्या माणसालाच मिळते. पाण्याने वेढलेल्या लोकांसाठी काही देशांनी म्हणून होडीलाच बस मानलं. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या बेटांवर राहणाऱ्या ६० वरच्यांना मुख्य भूमीपर्यंत वर्षातून दोन वेळा जाऊन-येऊन फेरीबोट मोफत आहे, बसपासच्याच कार्डावर. दोनच वेळा हे थोडं वाटेल, पण रुग्णालय आणि नातेवाईक समुद्रापलीकडे आहेत, हे त्या सरकारने लिहून मान्य केलं. हाँगकाँगच्या ज्येष्ठांच्या सवलतीत बेटांच्या फेरीबोटीही येतात. आपल्या देशात केरळचं राज्य जलवाहतूक खातं १९६८ पासून आहे. कुट्टनाडच्या पाण्यातल्या गावांना त्याच्या बोटी ठरलेल्या वेळी, बससारख्या थांब्यांवर थांबत, काही रुपयांत नेतात. शाळेची मुलं, भाजीवाल्या, सरकारी बाबू, सगळे त्याच बोटीत.

त्याहून जवळचं उदाहरण गोव्याचं. दिवाडी बेटावर आजही पूल नाही. रायबंदरहून किंवा जुन्या गोव्याहून फेरीत चढायचं आणि मांडवी ओलांडायची. चालत येणाऱ्या माणसाला तिकीट नाही, वय विचारण्याचा प्रश्नच नाही. ही सेवा गोवा सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं आणि पूल नाही तिथे फेरी हाच रस्ता, असा त्यामागचा साधा हिशेब आहे. रस्त्यावर चालायला आपण कुणाकडून तिकीट घेत नाही, मग फेरीवर का घ्यायचं?

नर्मदेच्या काठावर सरकारी होडीच नाही असं मुळीच नाही. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना या गावांमधून फिरतो, मतदानाच्या वेळी पथकं पाण्याने जातात, अधिकाऱ्यांचे दौरे होतात. पण या सगळ्या खात्याखात्याच्या होड्या. त्या विशिष्ट कामाला येतात आणि काम झालं की जातात. सोमवारी सकाळी अमुक वाजता मणिबेलीहून निघेल, चिमलखेडी, बामणी, डनेल अशी थांबत जाईल आणि संध्याकाळी परत सोडेल, अशी कुणीही बसावी अशी होडी वेगळी. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत २०२४ पासून ६० वरच्या भाविकांसाठी माणशी ३० हजार रुपयांपर्यंत खर्च करायला सरकार तयार आहे. काशीपर्यंतची सोय होते आणि मोलगीच्या बाजाराची होत नाही, यात पैशाची अडचण दिसत नाही.

अडचण वहीत आहे. एसटीची भरपाई छापलेल्या तिकिटांवर मिळते आणि मणिबेलीच्या पाण्यात तिकीट छापणारं मशीन नाही. त्यामुळे अमृत योजनेच्या लाभार्थ्यांची संख्या मोजली जाते तेव्हा या काठाचे म्हातारे त्यात जवळजवळ नसतात, आणि लाभार्थी नाहीत म्हटल्यावर मागणीही नाही असं दिसतं. होडीवाल्याला दिलेले पैसे कुठल्याच सरकारी रकान्यात येत नाहीत. हे बदलायला नवा कायदा लागणार नाही. स्थानिक होडीवाल्यांशीच ठरलेल्या फेऱ्यांचा करार करायचा, लाइफ जॅकेट आणि विमा सक्तीचा करायचा, फेऱ्यांचं भाडं फेरीमागे द्यायचं, डोक्यामागे नाही, म्हणजे होडीत दोनच म्हातारे असले तरी ती सुटेल. पावसाळ्यात वारा सुटला की फेरी रद्द करायचा अधिकार नावाड्याचा. तिकीट मशीन एसटीचंच द्यावं आणि ७५ वरच्याला शून्याचं, ६५ वरच्याला निम्म्याचं तिकीट होडीतच फाडून द्यावं, होडीतून उतरून मोलगी गाठल्यावर पुढच्या लाल गाडीला तेच चालेल अशा बेताने. पहिल्या वर्षी त्या मशीनमधून निघालेल्या शून्य रुपयांच्या तिकिटांची बेरीज नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेली, तर या काठावर किती माणसांना कुठे जायचं असतं हे सरकारला प्रथमच आकड्यांत कळेल.